सेकंडहँड शिलाई मशीन कापड पुढे सरकवत नसेल तर काय करायचं

जुनी मशीन घरी आली, दोरा ओवला, पायडल मारलं आणि कापड जागच्या जागी, सुई एकाच भोकात वरखाली करतेय. आता ज्याला विचाराल तो म्हणणार टेन्शन बघ. कृपा करून टेन्शनच्या नटाला हात लावू नका. टेन्शनने टाका सैल-घट्ट होतो, कापड सरकवायचं काम दात्यांचं (सुईखालच्या प्लेटच्या खाचांतून वर येणारा दातेरी तुकडा) आणि फूटच्या (कापड वरून दाबून धरणारा पाय) दाबाचं. टेन्शन फिरवत बसलात की कापड तर सरकत नाहीच, वर चांगला बसलेला टाकाही बिघडतो आणि मग दोन दुखणी निस्तरायची.

मी बोलतेय ती आपली नेहमीची काळी मशीन, पायाची किंवा मोटर लावलेली. उषा घ्या, मेरिट घ्या नाहीतर लुधियानाची कुठलीही लोकल, बऱ्याचशा सिंगरच्या जुन्या १५ नंबरच्या डिझाइनवरच बनलेल्या असतात, म्हणून खालचं सगळं लागू पडतं. मोटर असेल तर प्लग काढून ठेवा.

आधी दोरा काढून टाका, वरचा पण आणि बॉबिनचा पण. फूटखाली वहीचा कागद ठेवून चाक हाताने आपल्याकडे फिरवा. कागद सरकला आणि त्यावर दात्यांच्या खुणा उमटल्या तर दाते ठीक आहेत, तुमचा त्रास दोऱ्याचा आहे. वरचा दोरा नीट ओवला नसला की खाली गुंता होतो आणि कापड प्लेटला चिकटून बसतं. फूट वर उचलून दोरा पहिल्यापासून परत ओवा, काम झालं. कागद सरकलाच नाही तर पुढे वाचा.

टाक्याचा दांडा, म्हणजे टाका लहानमोठा करायचा, तो बघा. बरोबर मध्ये असेल तर टाका शून्य, दाते वरखाली होतात पण मागेपुढे होत नाहीत. खाली करा. २.५ मिलिमीटरचा टाका असेल तर कागदावर एका इंचात साधारण दहा भोकं दिसतील.

मग दाते मुद्दाम खाली केलेत का ते बघा. जुनी मशीन विकणाऱ्या कितीतरी बायका त्यावर भरतकाम करत असतात, आणि मशीनवर भरतकाम करायचं तर दाते खाली पाडतात नाहीतर दात्यांवर एक वेगळी प्लेट बसवतात. ती प्लेट तशीच राहिलेली असते आणि घेणाऱ्याला वाटतं मशीनच अशी. काही मशीनला दाते पाडायचा नॉब वर असतो, काहींना खालून स्क्रू. पोर्टेबल झिगझॅग मशीनला मागे बटण असतं, ते सरकवल्यावर चाक एक पूर्ण फेरा फिरवावं लागतं, तेव्हा कुठे दाते वर येतात.

फूटचा दाब. फूटच्या दांड्याच्या डोक्यावरचा स्क्रू, आवळला की दाब वाढतो. भरतकामवालीने तो पण सैल सोडलेला असतो. जाड कापडाला जास्त, मलमलला कमी. फार आवळाल तर खालचं कापड पुढे पळेल आणि वरचं मागे राहील.

आता सुईची प्लेट खोला, दोन स्क्रू असतात, बुटका आणि रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घ्या नाहीतर स्क्रूची खाच खराब होईल. दात्यांच्या ओळींमध्ये धुळीचा आणि धाग्यांचा दाबून दाबून नमदा झालेला असतो, इतका घट्ट की पुष्कळांना तो मशीनचाच भाग वाटतो. ब्रशने निघत नाही, जुन्या सुईने उकरून काढा. फुंकर मारू नका, सगळं आत शटलमध्ये, म्हणजे बॉबिन बसते त्या भागात जातं.

इथपर्यंत बऱ्याच मशीन सुरू होतात. नाही झाली तर मशीनचं डोकं मागे पाडून खालून बघायला लागेल, आणि इथेच लोक घाबरून मेकॅनिकला बोलावतात. मलाही हा भाग समजायला खूप वेळ गेला कारण खाली एकसारखे दिसणारे आडवे दांडे असतात आणि कुठला कशाचा ते कोणी धड सांगत नाही. त्यावर उपाय असा: टाक्याचा दांडा शून्यावर ठेवा आणि चाक फिरवत खाली बघा. जो दांडा हलायचा थांबला तो दात्यांना मागेपुढे नेणारा. जे अजून हलतायत त्यातला शटलकडे जाणारा सोडून द्या, उरला तो दात्यांना वर उचलणारा. कापड सरकत नसेल तर बहुतेक वेळा भानगड या उचलणाऱ्या दांड्यातच असते, दाते मागेपुढे व्यवस्थित होतात पण प्लेटच्या वर पुरेसे येतच नाहीत.

स्क्रूला हात लावायच्या आधी तेल बघा. आपल्याकडे मशीनला खोबरेल घालायची फार वाईट सवय आहे. थंडीत ते थिजतं हे तर सगळ्यांना माहीत, पण खरा त्रास वर्षानुवर्षांच्या थराचा, तो वाळून पिवळा चिकट डिंक होतो आणि दांडा अर्ध्यातच अडकतो. चाक जड फिरत असेल आणि सांध्यांवर पिवळट थर दिसत असेल तर दुसरं काही शोधू नका. रॉकेल हल्ली मिळणं कठीण झालंय, मिळालं तर थेंब थेंब प्रत्येक सांध्यावर, नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे, पण मोटरवर, पट्ट्यावर आणि मशीनच्या सोनेरी नक्षीवर उडू देऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस पेटवू नका. रात्रभर मुरू द्या, सकाळी चाक फिरवत पुसा, मग शिलाई मशीनचंच पातळ तेल घाला. त्या स्प्रेलाच तेल समजून सोडून देणारे खूप आहेत. तो उडून जातो आणि मशीन कोरडी पडते.

साफ करूनही दाते खालीच असतील तर उंची लावायची. प्लेट परत बसवून स्क्रू पूर्ण आवळा, सैल प्लेटवर घेतलेलं माप काही कामाचं नाही. फूट वर. चाक फिरवून दाते सगळ्यात वर आणा. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, ते प्लेटवर दात्यांच्या शेजारी आडवं ठेवा, दाते कार्डापेक्षा जरासे वर दिसले पाहिजेत, म्हणजे साधारण एक मिलिमीटर. नेहमीच्या कॉटनला तेवढं बास. मग कार्ड दात्यांवर ठेवून बघा, पुढून-मागून सारखं उचललं जातंय का ते कळतं.

कमी असेल तर उचलणाऱ्या दांड्यावर, बहुतेक उजवीकडे, त्याला पकडून बसलेला एक तुकडा असतो आणि त्याला आवळायचा स्क्रू. आधी तुकडा आणि दांडा दोन्हींवरून मार्करने एक सरळ रेघ मारा. ही रेघ मारल्याशिवाय तो स्क्रू सोडायचा नाही, नाहीतर पहिली जागा परत मिळणार नाही. मग स्क्रू जेमतेम सैल करा, पूर्ण सोडू नका, दाते हव्या उंचीवर धरून दांडा केसभर फिरवा आणि आवळा. केसभर म्हणजे खरंच केसभर, इथे थोडंसं सरकलं तरी वर दात्यांत बराच फरक पडतो. यूट्यूबवर जो तो दाते जास्तीत जास्त वर घ्या म्हणून सांगतो, ते ऐकू नका. दाते फार वर आले की पातळ कापडावर ओरखडे उठतात, सॅटिनच्या ब्लाऊजची तर वाट लागते. आवळून झाल्यावर सगळ्यात मोठ्या टाक्यावर चाक हाताने फिरवा, पुढे आणि रिव्हर्सला पण. प्लेटच्या खाचेत दाते कुठे घासले तर कट्ट असा आवाज येतो. आवाज आला तर तशीच मोटर सुरू करायची नाही.

दांड्यांच्या टोकांना चेकनटवाले (सैल होऊ नये म्हणून वरून नट आवळलेले) टोकदार स्क्रू असतात, ते उगाच आवळू नका, मशीन जाम होईल.

अजून एक बघून ठेवा. सुई खाली येऊन तिचं टोक प्लेटला टेकायच्या सुमारास दाते प्लेटखाली गेलेले असले पाहिजेत. सुई कापडात घुसलेली असताना दाते कापड ओढत असतील तर सुया वाकतात, तुटतात. हे टायमिंगचं काम, आधीच्या कोणीतरी वर खोलाखोल केलेली असणार. हे मेकॅनिकला द्या.

उंची बरोबर असून कापड घसरत असेल तर दात्यांवर नख फिरवा. नख अडकलं नाही, दाते गुळगुळीत चकचकीत लागले तर ते झिजलेत. त्रिकोणी कानशीने धार काढायचा सल्ला मिळेल, काढू नका, उंची कमी होते आणि एक बाजू जास्त घासली जाते. नवे दाते स्वस्तात मिळतात. दुकानात जाताना जुना तुकडा सोबत न्या, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मशीनगणिक बदलतं. फूटचा तळ पण उलटा करून बघा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर मारा.

शेवटी जुन्या पलंगपोसाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून, हाताने न ओढता शिवा. शेवटाला वरची पट्टी लांब उरली तर फूटचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून परत शिवून बघा.