बाळाच्या गोधड्या विकायच्या तर: सुई हातात घेण्याआधी

बऱ्याच घरांत बाळ जन्मण्याआधी खरेदी करत नाहीत. त्यामुळे ऑर्डर येते जन्मानंतर, आणि गोधडी हवी असते बाराव्या दिवशी, बारशाला. म्हणून थर टाचून झालेल्या दोन-तीन गोधड्या कायम तयार ठेवाव्यात. नाव बारशातच ठरतं. तेव्हा एक कोपरा मोकळा सोडा आणि नाव मागाहून भरून द्यायचं आधीच बोलून घ्या.

३६ इंची चौकोनी गोधडीला ४४ इंच पन्ह्याचं मलमल किंवा केंब्रिक वरून-खालून सव्वा-सव्वा मीटर लागतं. आत जुन्या सुती साडीचे दोन थर. जरीचे काठ आधी कापून टाका, जर टोचते. रुंदी कमी पडली तर जोड द्या, पण दोन्ही थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका, तिथे गाठीसारखं जाड लागतं. कडेला अडीच इंची चार सरळ पट्ट्या पुरतात, त्यासाठी ३० सेंटिमीटर कापड वेगळं ठेवा.

नवं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात वाळवल्याशिवाय कात्री लावू नका. खळ जाते आणि कापड आटायचं ते तेव्हाच आटतं. नाहीतर पहिल्या धुण्यात जुना थर तसाच राहतो आणि नवा आटून गोधडीला चुण्या पडतात. लाल, मरून, गडद निळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं जोरात घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाजूला काढा. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही, आणि बाळ तर प्रत्येक कोपरा चोखतं.

थर अंथरून हात फिरवत मधून कडेकडे कच्चे टाके घाला. कडेपासून सुरुवात केली की सगळा फुगा मधे जमतो. धावदोऱ्याचा टाका पाव इंचाहून लहान हवा, मोठ्या टाक्यात बाळाची बोटं अडकतात. दोरा हातभरच घ्या. गाठ थरांच्या आत ओढून घ्या.

गोधडीसोबत संचात लाळेरी आणि टोपडी देत असाल तर त्यांच्या गोल कडांना उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टीच लावा. टिकल्या, मणी, आरसे, बटणं नकोत, आईने कितीही आग्रह केला तरी. मोहरीची उशी संचात देऊ नका: वर्षाखालच्या बाळाजवळ झोपेत उशी किंवा सैल पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. गोधडी जागेपणी अंथरायला आणि मांडीवर घ्यायला आहे, हे चिठ्ठीवर कापडाच्या माहितीसोबत ठळक लिहा.

किंमत काढताना हाताच्या शिलाईचे तास वेगळे मांडा. कापडाच्या खर्चाच्या दुप्पट किंमत हा हिशेब इथे तोट्यात नेतो. कुरियरचं वजन पॅकिंगसकट करा.

तयार माल सुती पिशवीत, कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसोबत ठेवा. कपाटात डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्यातलं नॅफ्थलीन कापडात मुरतं, आणि ज्या बाळांमध्ये जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.