गाड्यांचे कॉर्नरिंग जी कसे कंपेअर करायचे (आणि कट्ट्यावर भांडण कसं जिंकायचं)

आमच्या परळच्या कट्ट्यावर दर रविवारी रेस बघून झाली की एक विषय ठरलेला, कुठली गाडी वळणावर जास्त जी खाते. एकदा एक मित्र गो-कार्टिंग करून आला आणि म्हणाला, फोनमधल्या ॲपवर अडीच जी दाखवला, फॉर्म्युला वन पाच जी मारते, म्हणजे मी निम्मा लुईस हॅमिल्टन झालो. सगळे हसले, पण तो चुकतोय नक्की कुठे हे कोणालाच धड सांगता येईना, मलाही नाही. त्यानंतर मी हे सगळं वहीत मांडून बघितलं, तेच इथे लिहितोय. गणित आहे पण दहावीपर्यंतचं, घाबरू नका.

आधी जी म्हणजे काय ते. तुमचं वजन तुम्हाला खाली खेचतं तो एक जी. गाडी वळताना तेवढ्याच जोराने तुम्ही बाहेरच्या बाजूला ढकलले गेलात तर तो आडवा एक जी. आडवा जी दोनच गोष्टींवर ठरतो, वेग आणि वळणाची त्रिज्या. फॉर्म्युला असा: वेग किमी प्रति तासात घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला १२७ ने भागा आणि परत मीटरमधल्या त्रिज्येने भागा. बस, आला जी. हा १२७ कुठून आला म्हणाल तर ३.६ चा वर्ग गुणिले ९.८१, किमीचं मीटर-सेकंद करायची भानगड त्यातच मिटते. माझा मेहुणा सिव्हिलवाला आहे, तो वही बघून म्हणाला अरे हे तर आमचं रस्त्याच्या वळणाचं सूत्र, आणि खरंच हायवेची वळणं ह्याच १२७ ने डिझाइन करतात, आणि त्यात टायरच्या आडव्या ग्रिपचा आकडा धरतात फक्त ०.१५.

उदाहरण घ्या. बेस्टची बस नाक्यावर २० च्या स्पीडने १५ मीटर त्रिज्येचं वळण घेते. २० चा वर्ग ४००, भागिले १२७, भागिले १५, म्हणजे ०.२१ जी. एवढ्यात उभी असलेली मावशी शेजारच्याच्या अंगावर जाते आणि कंडक्टर ओरडतो "दांडा पकडा दांडा". लोकल वळणावर वाकते तेव्हा तर ०.१ सुद्धा जाणवत नाही कारण बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवलेला असतो. हा अंदाज डोक्यात राहू दे, पुढे पाच जी म्हणू तेव्हा नुसता आकडा वाटणार नाही.

आता त्रिज्या काढायची कशी, कारण वेग टीव्हीवर दिसतो पण त्रिज्या कोणी दाखवत नाही. सॅटेलाइट मॅप उघडा, त्यात अंतर मोजायचं टूल असतं. वळणाच्या रेषेवर दोन टोकं घ्या, सरळ अंतर मोजा, ही झाली जीवा. मग त्या जीवेच्या मधोमधून वळणाच्या रेषेपर्यंतचं अंतर मोजा, ती उंची. जीवेचा वर्ग भागिले आठपट उंची, त्यात अर्धी उंची मिळवा. समजा जीवा १०० मीटर आणि उंची १० मीटर आली तर १०००० भागिले ८० म्हणजे १२५, अधिक ५, त्रिज्या १३०. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ही प्रॅक्टिस करायला मजा येते, ५.१२५ किमीत १६ वळणं आहेत आणि आपल्याकडे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथेच झाली. फक्त लक्षात ठेवा, ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध जात नाही, बाहेरून आत आणि आतून परत बाहेर अशी लाइन घेतो, म्हणून त्याची खरी त्रिज्या रस्त्याच्या त्रिज्येपेक्षा मोठी असते. रबराचे काळे पट्टे मॅपवर दिसत असतील तर सरळ त्यांच्यावरच मोजा.

आणि नावावर तर अजिबात जाऊ नका. जपानच्या सुझुकाला १३०आर नावाचं प्रसिद्ध वळण आहे, १३० मीटर त्रिज्येवरून नाव पडलं. मी मोठ्या उत्साहाने ३०० चा वेग टाकला आणि साडेपाच जी काढून ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले. नंतर कळलं की २००२ मधल्या मोठ्या ॲक्सिडेंटनंतर २००३ ला ते वळण बदललं, आता तिथे ८५ आणि ३४० मीटरच्या दोन त्रिज्या जोडलेल्या आहेत. ३४० टाकलं तर तोच वेग असून २ जीच्या आसपास येतो. मेसेज डिलीट करायची वेळ निघून गेली होती.

मॅपची कटकट नको असेल तर ऑनबोर्ड व्हिडिओवरून, म्हणजे गाडीवरच बसवलेल्या कॅमेऱ्याच्या, पण जमतं. गाडी एकूण किती अंश वळली आणि किती सेकंदात ते बघा. वेग गुणिले अंश, भागिले सेकंद, भागिले २०००. खरा आकडा २०२४ च्या जवळ आहे पण तोंडी हिशोबाला दोन हजार चालतो. १८० च्या वेगाने ९० अंशाचं वळण ३ सेकंदात घेतलं तर २.७ जी. हा ॲव्हरेज आहे बरं, मधे एखाद्या क्षणी जास्त असणार.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. वेगवेगळ्या गाड्यांचे सगळ्यात मोठे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही. का ते सांगतो. साध्या गाडीला रस्त्यावर दाबून ठेवणारं फक्त तिचं वजन असतं. वजन वाढलं तर ग्रिप वाढते पण वळवायचा बोजाही तेवढाच वाढतो, म्हणून वजन हिशोबातून उडून जातं आणि उरतो टायरच्या ग्रिपचा आकडा. आपल्या घरच्या सेडानला तो ०.८५ वगैरे धरा, मग ५० ने जा नाहीतर १०० ने, जास्तीत जास्त जी तेवढाच. पण विंग (पंख) आणि फ्लोअरवाली (खास घडवलेल्या तळाची) रेसकार हवेनेही खाली दाबली जाते, आणि तो दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट, दाब चौपट. आणि ह्या दाबाने गाडीचं वजन वाढतच नाही, फुकटची ग्रिप.

ह्यावरून मी एक घरगुती फॉर्म्युला केलाय. प्रत्येक गाडीचे दोन आकडे घ्यायचे, एक ग्रिप आणि दुसरा तो वेग ज्याला हवेचा दाब गाडीच्या वजनाइतका होतो, त्याला मी समतोल वेग म्हणतो. मग जास्तीत जास्त जी म्हणजे ग्रिप गुणिले कंसात एक अधिक, वेग भागिले समतोल वेग ह्याचा वर्ग. हे आकडे टीम कधी छापत नाहीत त्यामुळे अंदाजाने धरायचे आणि धरलेत हे स्पष्ट सांगायचं. मी फॉर्म्युला वनला ग्रिप १.६ आणि समतोल वेग १६५ धरतो. ८० च्या स्पीडला येतो २ जी, १६५ ला ३.२ आणि २५० ला ५.३. बघा, एकच गाडी आणि दोनपासून सव्वापाचपर्यंत! जीटी३ गाडी, म्हणजे ती पोर्शे-फेरारी टाइप दिसणारी, बाराशे-तेराशे किलोची, तिला ग्रिप १.४ आणि समतोल वेग ३५० धरला तर ८० ला दीड आणि २५० ला जेमतेम २.१. चांगल्या रेसिंग कार्टला विंगच नाही, तिची ग्रिप १.८ धरली तर कुठेही १.८ च. म्हणजे ह्या आकड्यांवर साधारण साठच्या स्पीडच्या वळणाला कार्ट आणि फॉर्म्युला वन खांद्याला खांदा लावून जातील, आणि अडीचशेच्या वळणाला कार्ट विषयातच नाही. म्हणून कोणी विचारलं "कोण जास्त जी खातं" तर आधी उलट विचारा, किती स्पीडला?

ह्यातून अजून एक गंमत निघते. मोठ्या त्रिज्येच्या वळणावर वेग वाढवला की लागणारा जी वाढतो, पण मिळणारी ग्रिपही त्याच वर्गाने वाढते, त्यामुळे एका ठराविक त्रिज्येच्या पुढे ग्रिप कमीच पडत नाही, इंजिन संपतं पण टायर नाही. म्हणूनच काही वळणं ड्रायव्हर पाय न उचलता घेतात. खऱ्यात एवढं सोपं नाही कारण टायरवर दाब वाढला की ग्रिपचा आकडा थोडा खाली येतो, तेव्हा माझे मोठ्या स्पीडचे आकडे जरा उदारच समजा.

ह्या फॉर्म्युल्यात न बसणारी एक गाडी सांगतोच. १९७८ ला ब्रॅबम ह्या फॉर्म्युला वन टीमने बीटी४६बी आणली, मागे भला मोठा पंखा लावलेला, तो गाडीखालची हवा खेचून घ्यायचा. पंखा इंजिनवर फिरत होता त्यामुळे दाब गाडीच्या वेगावर नाही तर इंजिनच्या फेऱ्यांवर. स्लो वळणातही चिकटून बसायची. निकी लाउडाने स्वीडनची रेस जिंकली आणि तीच तिची पहिली आणि शेवटची रेस.

पुढचा घोळ बँकिंगचा. अमेरिकेच्या ओव्हल ट्रॅकवर रस्ताच तिरका असतो. डेटोनाला ३१ अंश, म्हणजे त्यावर चालत चढायला पण त्रास. तिथे त्रिज्या साधारण ३०५ मीटर, नॅसकार (तिथली जड रेसकार) ३०० ने गेली तर आपल्या १२७ च्या सूत्राने २.३ जी येतो. पण रस्ता तिरका असल्याने त्यातला बराचसा जोर सीटमध्ये खाली जातो, ड्रायव्हरला आडवा दीडच्या आसपास आणि खाली दोन. दीड टनाची ती धूड गाडी २.३ जी खाते म्हणून तिचे टायर जीटी३ पेक्षा भारी असं समजू नका, टायरला आडवी मेहनत दीडचीच. तेव्हा ओव्हल आणि सपाट ट्रॅक एका रांगेत लिहायचे नाहीत.

आणि किती वेळ, हे पण लिहा. २००१ ला टेक्सास मोटर स्पीडवेवर कार्ट सिरीजची रेस होणार होती (ही कार्ट म्हणजे इंडीकारसारख्या मोठ्या गाड्या, गो-कार्ट नव्हे), बँकिंग २४ अंश, प्रॅक्टिसमध्येच ड्रायव्हरांना पाचच्या वर जी लागायला लागला आणि दर लॅपला कितीतरी सेकंद सलग. बऱ्याच जणांना चक्कर आली, डोकं गरगरायला लागलं, आणि रेसच्याच दिवशी रेस रद्द केली. फॉर्म्युला वनवाले पण पाच जी खातात पण क्षणभर, मग सरळ रस्त्यावर श्वास घेतात. मानेचा हिशोब करून बघा, डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरलं तर पाच जीला साडेबत्तीस किलो, भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जास्त, आणि तेही आडवं लटकलेलं.

दिशा पण बघा. ड्रॅगस्टरचे जी सरळ पळण्याचे असतात, फॉर्म्युला वनचे कित्येक मोठे आकडे ब्रेकिंगचे असतात. कॉर्नरिंगच्या यादीत ते नकोत.

सगळ्यात स्वच्छ तुलना करायची तर गोलात गाडी फिरवा. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये स्किडपॅड नावाची टेस्ट असते, पवईच्या आयआयटी बॉम्बे रेसिंगसारख्या टीमची पोरं स्वतः गाडी बनवून असल्या स्पर्धांना जातात. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि बाहेरच्याचा २१.२५, म्हणजे गाडीची लाइन साधारण ९.१ मीटर त्रिज्येची. सेकंदाचा वर्ग करून ३६.७ ला त्याने भागा. पाच सेकंदात फेरी म्हणजे दीड जीच्या थोडा आत. सगळ्यांना एकच वर्तुळ, वाद घालायला जागाच नाही.

शेवटी फोनने मोजणं, कारण सुरुवात तिथूनच झाली होती. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, त्यात ॲक्सिलरेशन दिसतं. फोन गाडीला घट्ट बांधा, खिशात किंवा मांडीवर नको. मी पहिल्यांदा टॅक्सीच्या डॅशबोर्डवर नुसता ठेवला होता, दादरला एका खड्ड्यात १.८ जी दाखवून फोन माझ्या पायाशी, टॅक्सीवाले काका म्हणाले "काय मोजताय साहेब, खड्डे?" म्हणून एकट्या टोकदार आकड्याकडे बघायचं नाही, किमान अर्धा-एक सेकंद टिकलेला आकडा घ्यायचा. गाडी वळताना कलते तेही फोन जी म्हणूनच दाखवतो, पाच अंश कलली की जवळजवळ ०.०९ फुकट मिळतात. खात्री करायची तर जीपीएसचा वेग आणि जायरोस्कोपचा फिरण्याचा रेट वेगळे घ्या आणि वरचं दोन हजारवालं गणित करा, दोन्ही जुळले तर ठीक. आणि हे सगळं प्रवासी सीटवर बसून किंवा ट्रॅकवर, सी लिंकवर हिरोगिरी करायला मी सांगितलं नव्हतं.

तर त्या मित्राला मी परत कार्टिंगला नेलं, फोन दोन पट्ट्यांनी सीटला आवळला, भाड्याच्या कार्टचे टायर कडक असतात त्यामुळे सलग टिकलेला आकडा आला १.१. तो अजूनही म्हणतो ॲप अपडेट झाल्यापासून बिघडलंय.