टू-स्ट्रोक डर्ट बाइकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण: कोणतं, किती आणि कसं करावं

टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या तळच्या भागात) ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलबरोबर जेवढं ऑइल आत जाईल तेवढ्यावरच क्रँकची बेअरिंगं, पिस्टन आणि रिंगा चालतात, आणि मग ते जळून सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. म्हणून टाकी भरण्याआधीची दहा मिनिटं मन लावून काम करा.

१. आधी गाडीची पुस्तिका उघडा

प्रमाण ऐकीव माहितीवर ठरवू नका. यामाहा वायझेड१२५ आणि वायझेड२५० यांच्या पुस्तिकेत ३०:१ (तीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) दिलेलं असतं, कावासाकीच्या टू-स्ट्रोक केएक्सला ३२:१, केटीएमच्या १२५ एसएक्सला ४०:१. कार्ब्युरेटरवाल्या ३०० ईएक्ससीला उत्तम प्रतीचं ऑइल वापरल्यास ६०:१ सुद्धा चालतं. २०१८ मॉडेलपासूनच्या टीपीआय (म्हणजे इंजेक्शनवाल्या) ईएक्ससीमध्ये ऑइलची टाकी वेगळी असते, तिथे पेट्रोलमध्ये काही मिसळायचं नाही. आरएक्स१०० लाही कंपनीचा ऑइल पंप असतो. पण ट्रॅकसाठी तो काढून टाकला असेल तर मिश्रण हातानेच करावं लागेल.

हिशेब सोपा आहे. १००० ला प्रमाणाने भागा, लिटरमागे किती मिली ऑइल ते कळतं: ३२:१ ला ३१ मिली, ४०:१ ला २५, ५०:१ ला २०, ६०:१ ला १७. पाच लिटरच्या कॅनला ४०:१ म्हणजे १२५ मिली.

‘लिटरला वीस मिली’ हा जुन्या स्कूटरचा आकडा अजून अनेकांच्या डोक्यात बसलेला आहे. स्कूटरला तो पुरायचा, कारण तिचं इंजिन सावकाश फिरतं. १२५ सीसीचं मोटोक्रॉस इंजिन ११,००० आरपीएमच्या पुढे फिरतं आणि बहुतेक वेळ पूर्ण थ्रॉटलवर असतं. लहान आणि वेगवान इंजिनाला जास्त ऑइल लागतं, मोठ्या आणि संथ इंजिनाला कमी.

२. प्लग काळा पडतो म्हणून ऑइल कमी करू नका

सर्वांत जास्त पिस्टन याच चुकीने जातात. प्लग ओला-काळा होणं, सायलेन्सरच्या तोंडाशी काळं चिकट गळणं, याचं कारण बहुतेक वेळा मोठा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र), चुकीची नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) किंवा तुंबलेला एअर फिल्टर असतं. म्हणजे पेट्रोलच जास्त जात असतं. ऑइल कमी केलं की त्याची जागा पेट्रोल घेतं, मिश्रण आणखी रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतं आणि वंगणही घटतं. उलट ऑइल वाढवलं की पेट्रोल थोडं कमी जातं, इंजिन किंचित लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. ५०:१ वरून ३२:१ वर गेल्यास पेट्रोल साधारण एक टक्क्याने घटतं. फरक छोटा आहे, पण जेटिंग काठावर असेल तर जाणवतो. तेव्हा प्रमाण एकदा ठरवा, ते पक्कं ठेवा आणि बाकी सगळं जेटने सोडवा.

३. ऑइल निवडा

डब्यावर जासो (जपानी दर्जाचं मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं हवं. एफडी जास्त तापमानाला पिस्टन स्वच्छ ठेवतं, त्यामुळे मोटोक्रॉसला तेच घ्या. ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं ऑइल बोटीच्या पाण्याने गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं, ते टाळा. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये कधीही घालू नका. एरंडेलावर आधारलेलं रेसिंग ऑइल प्रचंड उष्णता सोसतं, पण रिंगांवर आणि पॉवर व्हॉल्व्हवर (एक्झॉस्टचं तोंड वेगानुसार लहान-मोठं करणाऱ्या झडपेवर) चिकट थर सोडतं. ते दुसऱ्या ऑइलमध्ये मिसळूही नका. ब्रँड बदलायचा असेल तर आधीचं मिश्रण टाकीतून आणि कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) तळच्या वाटीतून पूर्ण काढा.

४. पेट्रोल: ऑक्टेन आणि इथेनॉल

यामाहा वायझेड आणि केटीएम या गाड्या किमान ९५ ऑक्टेन मागतात. कमी ऑक्टेनवर भार पडला की खणखण आवाज येतो. तो ऐकूनही थ्रॉटल सोडला नाही तर पिस्टनच्या डोक्यावर खड्डे पडतात.

भारतात आता प्रश्न इथेनॉलचा आहे. वायझेडच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे आणि पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे तोच जेट ठेवल्यास ई२० वर (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) गाडी साधारण ८ टक्के लीन चालते. इंजेक्शनवाली आधुनिक मोटारसायकल हे स्वतः सावरते, कार्ब्युरेटर सावरत नाही. शक्यतो इथेनॉल नसलेलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल शोधा. ते मिळालं नाही तर मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा करून प्लगचा रंग तपासा. तो फिकट विटकरी हवा, पांढरा नको.

इथेनॉल किती आहे ते घरी मोजता येतं. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, झाकून हलवा, दहा मिनिटं थांबा. खालचा थर २८ मिलीपर्यंत आला तर १८ मिली, म्हणजे २० टक्के इथेनॉल. हे पेट्रोल परत वापरू नका, आणि प्रयोग उघड्यावर, आगीपासून लांब करा.

५. मिसळायची रीत

१. पेट्रोलसाठी बनवलेला, स्वच्छ आणि कोरडा कॅन घ्या. पाण्याची बाटली नको.
२. ठरलेल्या पेट्रोलपैकी निम्मं त्यात भरा.
३. ऑइल मोजपात्राने मोजा. मेडिकलच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंजही नेमकी चालते. बुचाने अंदाज नको.
४. सगळं ऑइल घालून कॅन मिनिटभर हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा.
५. कॅनवर तारीख, प्रमाण आणि ऑइलचं नाव लिहा. निळं किंवा लाल रंगाचं ऑइल घेतलं तर साधं पेट्रोल आणि मिश्रण यांत गफलत होत नाही.

टाकीत ओतण्याआधी प्रत्येक वेळी कॅन हलवा. गाडीच्या टाकीत थेट ऑइल ओतू नका. ते तळाशी बसून आधी कॉकमध्ये (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळात) जातं, प्लग बुडतो, आणि नंतरचं पेट्रोल ऑइलविना राहतं.

६. घाट उतरताना

सह्याद्रीतल्या लांब उतारावर थ्रॉटल बंद आणि गिअर टाकलेला असेल तर इंजिन जोरात फिरत असतं, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही. म्हणजे ऑइलही जात नाही. दर काही सेकंदांनी थोडा थ्रॉटल द्या, किंवा क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या.

७. साठवण

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, इथेनॉलवालं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं. ओल वाढली की पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. कार्ब तळातलंच ओढतो, म्हणजे इंजिनात वंगणाशिवायचं द्रव जातं. कॅन काठोकाठ नसला तरी बराचसा भरलेला आणि घट्ट बंद ठेवा, आणि असं मिश्रण दोन-तीन आठवड्यांत संपवा. तळाशी धूसर थर दिसला तर हलवून वापरू नका. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बच्या वाटीचा स्क्रू उघडा आणि आतलं सगळं बाहेर काढा.