प्रोबेशनवर असलेल्या परिचारिकांनी या चुका टाळाव्यात

खासगी रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेला बहुधा सहा महिने प्रोबेशनवर, म्हणजे कायम होण्यापूर्वीच्या चाचणी काळात, राहावे लागते; कुठे ही मुदत तीन महिन्यांची, तर कुठे वर्षाची असते. या काळात उद्भवणारे अनेक वाद चिघळतात ते लेखी नोंद नसल्यामुळे, आणि याची सुरुवात नियुक्तिपत्र न वाचता त्यावर सही करण्यापासून होते. मुदत वाढवण्याचा अधिकार व्यवस्थापनाने किती काळासाठी राखून ठेवला आहे, नोटिशीचा कालावधी दोन्ही बाजूंना सारखा आहे का आणि मध्येच नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अट आहे का, हे सही करण्यापूर्वीच पाहावे. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी अवश्य दाखवावीत, मात्र जमा करताना छायाप्रतीच द्याव्यात.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात नसताना ‘ट्रेनी’ म्हणून रुजू होऊन वॉर्डची स्वतंत्र जबाबदारी स्वीकारणे ही त्याहून गंभीर चूक होय. परराज्यात शिकून तेथील परिषदेकडे नोंदणी केलेल्यांनीही येथील नोंदणीची प्रक्रिया आधीच सुरू करावी, कारण काही अघटित घडल्यास पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचाच विचारला जातो.

‘कायम झाल्यावर पीएफ सुरू होईल’ हे उत्तर मान्य करू नये. पीएफ लागू असलेल्या रुग्णालयात पात्र कर्मचारी रुजू झाल्याच्या दिवसापासून सदस्य होतो आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असलेल्या ठिकाणी दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या परिचारिकेलाही ते संरक्षण प्रोबेशनमध्ये मिळते. प्रसूती रजेच्या बाबतीतही कायम होण्याची अट नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असणे पुरेसे असते.

सर्वाधिक काळजी घ्यायची ती मात्र प्रत्यक्ष वॉर्डमध्ये. आपल्याला काही येत नाही हे इन्चार्ज सिस्टरना कळले तर अहवाल बिघडेल, या भीतीने नव्या मुली विचारायचे टाळतात. इन्सुलिनचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन वापरात आहे आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिटच्या कुपीतील इन्सुलिन ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला १० ऐवजी २५ युनिट जातात. नाईट ड्युटीला एकटीने अंदाज बांधण्यापेक्षा दुसऱ्या सिस्टरकडून कुपी आणि सिरिंज तपासून घेण्यात कोणताही कमीपणा नाही. किंबहुना तशी सवय दिसणे हेच मूल्यमापनात जमेचे ठरायला हवे.

तरीही चूक झालीच, तर ती लपवू नये. रुग्णाची तपासणी, डॉक्टरांना तातडीने माहिती, जे घडले त्याची वेळेसह नोंद आणि इन्सिडेंट रिपोर्ट हाच क्रम असावा. नंतर खाडाखोड केलेली नोंद मूळ चुकीपेक्षा जास्त नडते. चूक स्वतःहून कळवणाऱ्या मुलीला प्रोबेशनचा धाक दाखवणारे वरिष्ठ रुग्णाच्या सुरक्षिततेचेच नुकसान करतात, असे माझे ठाम मत आहे.

मूल्यमापन तोंडी होऊ देणे ही दोन्ही बाजूंची चूक आहे. कामात उणीव असेल तर ती मुदत संपण्याच्या आठवड्यात प्रथमच ऐकू येऊ नये. ज्या कौशल्यांचे निरीक्षण झाले, त्यांच्या तक्त्यावर तारखेसह सह्या घ्याव्यात आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. वरिष्ठांनी ‘लक्ष द्या’ असे मोघम सांगितले, तर नेमके काय सुधारायचे ते विचारून त्याच दिवशी ईमेलने कळवावे.

मुदत संपली, कोणी काही बोलले नाही, म्हणजे आपण कायम झालो, असे गृहीत धरू नये. सर्वसाधारणपणे आदेशाशिवाय कर्मचारी आपोआप कायम होत नाही. नियमांत कमाल मर्यादा स्पष्ट ठरवलेली असेल आणि ती ओलांडूनही नोकरी चालू ठेवली असेल, तरच तसा दावा करता येऊ शकतो. म्हणून मुदत संपण्याच्या सुमारे पंधरा दिवस आधी एचआर विभागाकडे लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि मुदतवाढ मिळाल्यास तिचे कारण व नवी अंतिम तारीख पत्रातच मागावी.