परसात माड, पोफळ की पाम: रोप केवढं घ्यावं?

मृगाचा पाऊस पडला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या नर्सरीत गिऱ्हाइकाचा हात आधी उंच रोपाकडे जातो, आणि पैसेही त्याचेच जास्त पडतात. पाम जातीत उंची बघू नये, बुंधा बघावा.

नारळाचं रोप नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानांचं आणि बुंध्याशी किमान 10 सेंमी घेराचं हवं. सुतळी बुंध्याभोवती फिरवून पट्टीवर मोजा. नर्सरीवाला हसला तर हसू दे. पानाच्या पात्या लवकर एकमेकींपासून सुट्या झालेलं रोप उत्तम. दाटीत, सावलीत वाढलेली रोपं उंच पण हडकुळी होतात. ती उन्हात आली की करपतात, वाऱ्याने बुंध्याशी हलतात. सुपारीचं तर बुटकंच घ्या: वय 12 ते 18 महिने, पानं पाच तरी.

खोड धरलेला मोठा रॉयल पाम जमिनीतून काढून आणायचा मोह असेल तर खर्चाआधी एवढं ध्यानात घ्या. पामला सोटमूळ नसतं, मुळं खोडाच्या तळातूनच फुटतात. काढताना तुटलेल्यांपैकी बरीच मुळं सुकतात आणि नवी फुटेपर्यंत वरची पानं पाणी मागतच राहतात. म्हणून खालची निम्मी पानं कापा, उरलेली सुतळीने वर बांधा. मधल्या सुईला, म्हणजे न उघडलेल्या कोवळ्या पानाला, धक्का नको. वाढीचा कोंब तो एकच, तो कुजला की झाड गेलं. झाड उभं राहावं म्हणून खोल पुरू नका, बुंधा कुजतो. तीन बांबूंचा आधार द्या, खोडावर आधी गोणपाट गुंडाळा. खिळा ठोकला तर ती जखम कधीच भरून येत नाही.

नारळाला 1 मीटर लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. खानापूरकडच्या जांभ्या दगडात तो 1.2 मीटरचा लागतो. तिथे लागवडीआधी सहा महिने खड्ड्यात 2 किलो मीठ टाकतात, दगड मऊ होतो. ते यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षासाठी दिवाळीनंतर खड्डा काढून ठेवा. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात पाणी तुंबतं, तिथे रोपाभोवती माती चढवून उंचवटा करा.

गुंठाभर प्लॉटात नारळ एकच. उंच जातीची झावळी 5 मीटरवर जाते, वर विजेची तार असेल तर तिथे लावूच नका. शहाळ्यासाठी चौघाट ऑरेंज ही ठेंगणी जात घ्या, ती तीन-चार वर्षांत धरते. सुपारीला दोन झाडांत 2.7 मीटर ठेवा आणि पश्चिमेला केळी लावा, नाहीतर दुपारच्या उन्हाने खोड भाजून चिरतं.

परसात उकिरडा असेल तर नारळाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या त्यातच वाढतात. शेणखत उपसून पांढऱ्या जाड अळ्या वेचून मारा. पानं त्रिकोणी कातरलेली दिसली की भुंगा आलाच समजा. मोठ्या झाडाच्या वरच्या पानांच्या बेचक्यात 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. लहान रोपाच्या बेचक्यात डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकली तरी चालते.