मेन्स फिल्टर कुठे आणि कसा बसवावा
हॅम रेडिओवर घरातल्या विजेच्या वस्तूंमुळे खरखर (नॉइज) येत असेल, तर ती अडवणारा मेन्स फिल्टर विकत घेण्याआधी नॉइज कुठून येतो ते शोधा. रिग (रेडिओ संच) बॅटरीवर चालवा, 40 मीटर बँडवर रिकामी फ्रिक्वेन्सी लावा आणि कुणाला तरी घरातला मेन स्विच बंद करायला सांगा. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) एस7 वरून एस2 वर उतरला, तर नॉइज घरातलाच. मग एकेक एमसीबी (सर्किट ब्रेकर) चालू करत जा. ज्या एमसीबीला सुई उसळेल, त्यावरच्या वस्तूंचे प्लग एकेक करून काढा. मला बहुतेक वेळा सापडतो तो एखादा स्वस्त एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) अडॅप्टर, नाहीतर एलईडी दिव्याचा ड्रायव्हर.

फिल्टर त्या वस्तूलाच लावायचा, अगदी जवळ. बरेच जण रिगच्या पॉवर सप्लायला लावतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात. अडॅप्टरचा नॉइज घरभरच्या वायरिंगवर पसरतो, तिथून हवेत जातो आणि आपल्या अँटेनात शिरतो. रिगची पॉवर कॉर्ड त्या वाटेवर येतच नाही.

सुरुवात फेराइटपासून (नॉइज अडवणारा चुंबकीय पदार्थ) करा. 31 मिक्सचा (फेराइटचा एक प्रकार), 61 मिलिमीटर व्यासाचा टोरॉइड (कड्यासारखा कोअर) घ्या आणि अखंड कॉर्डचेच त्यावर आठ-दहा वेढे घाला. कॉर्ड सोलायची नाही. फेज आणि न्यूट्रल सोबत जात असल्याने लोडच्या करंटने कोअर सॅच्युरेट होत नाही, म्हणजे चुंबकत्वाने भरून निकामी होत नाही. इम्पिडन्स (नॉइजला होणारा अडथळा) साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून एचएफवर (शॉर्टवेव्ह बँडवर) एकदाच चिमटवलेला स्नॅप-ऑन फेराइट फारसा उपयोगी नाही. अडॅप्टरच्या डीसी वायरीलाही असाच चोक (वेढे घातलेला फेराइट) लावा. ती वायर लोक हमखास विसरतात.

एवढ्याने भागलं नाही तर धातूच्या डबीतला तयार फिल्टर. तो मेन्सच्या व्होल्टेजचा आणि उपकरणापेक्षा जास्त अँपिअरचा हवा. अर्थची वायर आखूड ठेवा. आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर एकत्र बांधू नका, नाहीतर नॉइज फिल्टरला वळसा घालून पुढे जातो. आतले वाय कपॅसिटर (मेन्स आणि अर्थ यांच्यामधले सुरक्षा दर्जाचे कपॅसिटर) अर्थला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर डबीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तेव्हा अर्थिंगशिवाय हा फिल्टर लावूच नका. असे बरेच फिल्टर झाले तर त्यांचा लीकेज करंट एकत्र होऊन 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (लीकेज झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. घरी जुळवणी करणार असाल तर मेन्सवर फक्त एक्स (फेज-न्यूट्रलमध्ये) आणि वाय दर्जाचेच कपॅसिटर. साधे कधीही नाहीत. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पहिला फिल्टर लावून सुई जेमतेम हलली तरी तो काढू नका. सारख्या ताकदीचे दोन स्रोत असतील, तर एक गप्प केल्यावर फक्त 3 डेसिबल, म्हणजे अर्धा एस-युनिट कमी होतो. तो तसाच राहू द्या आणि दुसरा शोधायला लागा.