ग्रुपवर कोणी पक्षी चुकीचा ओळखला तर माणूस न दुखावता कसं सांगायचं

पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद मी नऊ वर्षं सांभाळतोय आणि "सगळ्यांनी एकमेकांशी सौजन्याने वागावे" ही पिन केलेली सूचना वाचून कोणी सुधारल्याचं मी आजतागायत पाहिलेलं नाही. भांडणं कुठे होतात ते ठरलेलं असतं, तिथे काय करायचं ते सांगतो.

आधी सोपं. गुड मॉर्निंग आणि राजकारणाचे फॉरवर्ड पहिल्या दिवसापासून बंद. ॲडमिन दोन-तीन ठेवा, त्यातला एक तरी रात्री जागणारा हवा, कारण वाद अकरानंतरच पेटतात. नावांवरून भांडण नको, कोणाच्या गावाला भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणतात तर म्हणू दे, तेही नाव शिकून घ्या.

आता खरं अवघड काम, नव्या माणसाची ओळख चुकली की सगळ्यांसमोर दुरुस्त कशी करायची.

आमच्याकडे एका ताईंनी डिसेंबरात फोटो टाकला, "आमच्या सोसायटीत शिक्रा!" म्हणून. शिक्रा म्हणजे छोटा शिकारी पक्षी, फोटोत होता तो पावशा, कोकिळेच्या कुळातला. ही चूक कोणाचीही होते, पावशाचं रूप शिक्र्यासारखंच असतं, छातीवरचे पट्टे, शेपटीवरचे पट्टे, उडायची ढबसुद्धा, आणि पावसाळ्याच्या तोंडाला "पेर्ते व्हा" करून डोकं उठवणारा हा पक्षी हिवाळ्यात गप्प असतो, त्यामुळे आवाजावरून कळायची सोय नाही. दहा मिनिटांत आठ जणांनी "पावशा" लिहिलं, एकाने हसणारा इमोजी टाकला, एकाने "अभ्यास वाढवा". पाचवा मेसेज माझा होता. त्यात वाईट शब्द एकही नव्हता, नुसतं "पावशा आहे". ताई रात्री ग्रुप सोडून गेल्या. मी दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाल्या, "अहो, एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं मला." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, दुरुस्ती एकच. कोणीतरी आधी सांगितलंय आणि ते बरोबर आहे, तर त्या मेसेजला अंगठा द्यायचा आणि थांबायचं. आठ जणांनी एकच गोष्ट सांगितली की समोरच्याला घेरल्यासारखं होतं, मग प्रत्येकाचा सूर कितीही गोड असू दे.

आणि ती एक दुरुस्ती पक्ष्याबद्दल हवी, माणसाबद्दल नको. "तुम्ही चुकलात" ऐवजी काय बघायचं ते सांगा, म्हणजे असं: "ताई, फोटो छान मिळालाय. चोच बघा, शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली असते, ही बरीच सरळ आहे. डोळ्याभोवती पिवळी कडा आहे. पाय दिसत असतील तर बोटं मोजा, दोन पुढे दोन मागे असतील तर पावशा." हे लिहायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं नसतील तर लिहू नका, दुसरा कोणीतरी लिहील.

बरेच जण सल्ला देतात की चूक पर्सनलवर सांगावी. मला हे अजिबात पटत नाही. पर्सनलवर सांगितलं की ग्रुपवर चुकीचं नाव तसंच राहतं, बाकीचे तेच शिकतात, आणि त्या माणसालाही वाटतं की आपली चूक लपवण्याइतकी लाजिरवाणी होती. चूक सगळ्यांसमोर सुधारायची, फक्त नीट सुधारायची. पर्सनल मेसेज करायचा तो "अभ्यास वाढवा" लिहिणाऱ्याला. त्याला ग्रुपवर झापलंत तर दोन तट पडतात आणि पक्षी बाजूला राहतो.

संबोधनाकडे लक्ष द्या. शांतपणे लिहिलेलं "मॅडम" ठीक, पण वाद चालू असताना "अहो मॅडम" आलं की तो टोमणा असतो, लिहिणारा कितीही नाही म्हणाला तरी. दादा, ताई, काका, जे आधीपासून म्हणत होतात तेच शेवटपर्यंत म्हणा. रागात अहोवरून अरेवर किंवा अरेवरून अहोवर गेलात की समोरच्याला लगेच कळतं. आणि असं काही लिहून गेलंच तर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं, तेवढ्यात कोणी वाचलं असेल तर एडिट करून गप्प बसू नका, तिथेच सॉरी म्हणा.

एका बाबतीत मात्र मी चर्चा करत नाही, घरट्याचे फोटो. ॲडमिन म्हणून लगेच डिलीट करतो. जवळ गेलं की पक्षी अंडी सोडून उठतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जंगली पक्ष्यांची घरटी किंवा अंडी डिस्टर्ब करणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. पण डिलीट केल्यावर त्याच मिनिटाला त्या माणसाला फोन. मेसेज नाही, फोन. बहुतेकांना माहीतच नसतं, फोटो कौतुकाने टाकलेला असतो, आणि न सांगता उडवला की तो माणूस परत काही टाकत नाही. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात नवीन लोक भरपूर येतात, तेव्हा हे फोन रोज करावे लागतात, करायचे.

वाद संपतच नसेल, म्हणजे फोटो धूसर आहे आणि दोन जाणकार अडून बसलेत, तर "ओळख पटली नाही" म्हणून सोडून द्या. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या साइटवरसुद्धा प्रजात नक्की नसेल तर नुसता गट नोंदवायची सोय आहे, मग आपण ग्रुपवर रात्री एकपर्यंत कशाला ताणायचं. फोटो टाकणाऱ्याला एवढंच विचारा, उद्या त्याच झाडावर परत दिसतो का बघाल का? आमच्या त्या ताई फेब्रुवारीत परत आल्या त्या अशाच, मीच विचारलं होतं, आणि यावेळी फोटोत पायाची बोटं स्पष्ट दिसत होती.